तोडलेला करदोडा

माझ्या कमरेला चांदीचा करदोडा होता. लग्नात मामाने घातलेला. पुढे पोट सुटलं, करदोड्याचा आकडा सारखा निसटायला लागला, म्हणून सेलूच्या सोनाराकडून दोन्ही टोकांना डाग देऊन जोडून घेतला. तेव्हापासून तो काढायचा म्हणजे तोडायचाच. आणि आमच्याकडे बाप्याचा करदोडा एकदाच तोडतात, सरणावर ठेवण्याआधी.

वालूरला माझा जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा आहे. ऊसतोडीच्या टोळीतून इथवर आलो ते बोलण्याच्या जोरावर. सौद्यात मुनीम पुढे आला की मी म्हणतो, मालकाला बोलवा. एवढं शहाणपण असलेला माणूस विमानतळावर तेच बोलायला विसरला, ही माझी खरी आग आहे. गार्डावरचा राग त्यानंतरचा.

लेकीच्या नव्या घराची वास्तुशांती होती. तिनेच विमानाची तिकिटं काढली होती. तपासणीला बायकांची रांग वेगळी, माझी वेगळी. चौकटीतून गेलो, यंत्र ओरडलं. चष्मा लावलेला माझ्याच वयाचा गार्ड पुढे आला. हातातली पट्टी त्याने अंगावरून फिरवली. ती फक्त कमरेवर वाजली.

"क्या है?"

"करदोडा है. चांदी का. हात लगाके देखो."

"शर्ट ऊपर करो."

मागे तीसेक माणसं उभी होती. त्यांच्यासमोर मी सदरा वर धरला. बायकांच्या रांगेतल्या एकीने तोंड फिरवलं. गार्डाने करदोडा बोटाने ओढून पाहिला आणि ट्रे पुढे केला.

"उतारो."

"उतरता नहीं. डाग दिया है."

"तो काटो. नहीं तो फ्लाइट छोड़ो."

त्याच्या टेबलाखाली एक खोकं होतं. लोकांकडून काढून घेतलेल्या कात्र्या, लायटर, सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. त्यातून त्याने एक पक्कड काढली. कुणाची होती कोण जाणे, मुठीला कापड गुंडाळलेलं होतं. ती पक्कड त्याने माझ्या पोटाकडे आणली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी ती त्याच्या हातातून हिसकली. "तू नको हात लावू," म्हणालो आणि माझ्या हाताने मीच करदोडा तोडला.

कमरेवरून तो घसरला, त्याचा आवाज झाला नाही. ट्रेमधून तो तपासणीच्या पेटीत गेला. पडद्यावर पिशव्यांच्या नारिंगी सावल्यांमध्ये एक काळी वळलेली रेघ दिसली. मी पुन्हा चौकटीतून आलो. यंत्र गप्प. गार्डाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तो मागच्या माणसाशी बोलत होता. माझा सदरा अजून वरच होता.

बायको पलीकडे उभी होती. ट्रेमध्ये तिने तो पाहिला आणि तिचा हात गळ्यातल्या पोतीकडे गेला. विमानात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आवो, कुणाला सांगू नका."

"काय सांगू नको?"

"तोडला म्हणून."

त्यानंतर घरात काही घडलं असं नाही. फक्त कमरेभोवती करदोड्याच्या जागी पांढरा पट्टा राहिला होता आणि कितीही कढत पाण्याने अंघोळ केली तरी तेवढा पट्टा गार लागायचा. दुपारी जेवून आडवा झालो की मला मधेच जाग यायची. बायको शेजारी बसलेली, तिचा तळवा माझ्या नाकासमोर धरलेला.

"काय बघायलीस?"

"काई न्हाई. झोपा तुमी."

मग एक दिवस करदोडा रुमालात बांधून सेलूला गेलो. सोनाराने रुमाल सोडला, तुटलेली टोकं पाहिली आणि हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी न्हाई. माझाच हाय. जोडून दे."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. "शेट, नवा करून देतो. ह्यो मोडीत टाका."

"माझ्या मामानं घातलेला हाय. ह्योच पाहिजे."

अर्धा तास भांडलो. शेवटी त्याने डाग दिला, आणि मी घासाघीस सुरू करायच्या आत म्हणाला, "मजुरी नको." इतक्या वर्षांत या माणसाने मला चहासुद्धा फुकट पाजला नव्हता. मी पैसे गादीवर टाकले. त्याने ते उचलले नाहीत.

करदोडा परत कमरेला आला, पण बायकोचा तळवा काही थांबला नाही. जोडलेला आणि न तुटलेला यात तिच्या लेखी फरक होता.

त्याच सुमारास परभणीचे एक वकील ट्रॅक्टर बघायला आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आडोसा मागायचा हक्क हाय की तुमाला. वरच्या साहेबाला बोलवा म्हणायचं. अंगावरचं हातानं चाचपून बघता येतं. तुमी मागितलं का काई?"

"न्हाई."

"मग?"

 ते बोलले त्या किमतीत मी त्यांना ट्रॅक्टर देऊन टाकला.

नातवाच्या बारशाला पुन्हा विमानाने निघालो. बायको आगगाडीने जाऊ म्हणत होती, मीच ऐकलं नाही. मला ते यंत्र वाजायला हवं होतं. वाजलं की आडोसा मागणार होतो, साहेबाला बोलावणार होतो, करदोडा अंगावर ठेवून पलीकडे जाणार होतो. मग बायकोला दाखवलं असतं, हे बघ, जित्या माणसाचा करदोडा कुणी तोडू शकत न्हाई. वाक्यं पाठ केली होती.

चौकटीतून गेलो. यंत्र वाजलं नाही.

या वेळी गार्ड दुसरा होता. त्याने पट्टी खांद्यावरून, छातीवरून, कमरेवरून फिरवली. कमरेवर ती जराही कुरकुरली नाही. सदऱ्याखाली चांदी मला टोचत होती.

"चलिए."

"यहाँ देखो. कमर पे. चांदी है."

त्याने पट्टी पुन्हा टेकवली. "कुछ नहीं है. आगे चलिए."

"साहेब को बुलाओ," मी म्हणालो.

"किसलिए?"

मी सदरा वर केला. तो तोवर माझ्या मागच्या माणसाला हाताने पुढे बोलवत होता. तो माणूस माझ्या अंगाला घासून पुढे आला, माफ करा म्हणाला नाही. पलीकडून बायको बघत होती, हात गळ्यातल्या पोतीवर. मी गार्डाचं मनगट धरलं आणि त्याला म्हणालो, "फिरसे फिराओ." आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.