पॉपीची भाजी

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही. मामंजींना तर नाहीच नाही. आता तुमच्यापाशी बोलते आहे. हसू आलं तर हसा, मलाही येतं.

मामंजी म्हणजे माझे सासरे, सोलापुरात ड्रॉइंग मास्तर होते. जन्मभर पोरांना विलायती चित्रातली लाल पॉपीची फुलं गिरवायला लावली. पेन्शनीत निघाल्यावर ती जिवंत बघायचं मनानं घेतलं. पुण्याहून बी मागवलं. अगदी खसखशीसारखं बारीक. दिवाळी झाल्यावर वाळूत मिसळून परसातल्या वाफ्यात टाकलं. ही रोपं उपटून दुसरीकडे लावली तर जगत नाहीत म्हणे. होती तिथंच वाढवायची, दाट झाली की विरळ करायची. मामंजींची कंबर वाकेना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

मी करमाळ्याकडची, शेतकऱ्याची लेक. उपटलेला कोवळा पाला फेकून द्यायचा? आमच्याकडे तो सरळ कढईत जातो. मीही तेच केलं. लसणाची फोडणी, वरून ज्वारीचं पीठ — अहो, काय चव लागली! मी लग्न होऊन आल्यापासून मामंजींनी माझ्या हातच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी भाकरी मागून घेतली. "सूनबाई, ही माहेरची भाजी वाटतं? पुन्हा कर."

मग मी काय करणार? — छे, काय करणार कसलं! ते ऐकून मी नुसती फुलून गेले होते. पुन्हा केली. विरळणी कधीच संपली होती, तरी केली. वाफ्याची एक बाजू बोडकी दिसायला लागली तेव्हा कुठं भानावर आले.

मामंजी हबकले. मागच्या खोलीत यल्लव्वा राहायची, अक्कलकोटाकडची, एकटी बाई. तिची शेळी कुंपणातून आत तोंड घालायची. मामंजींचा संशय तिच्यावर गेला. मला विचारलं. मी गप्प राहिले असं सांगायला बरं वाटलं असतं — पण गप्प कुठं राहिले? "शेळीच असणार," मीच म्हणाले.

मामंजींनी यल्लव्वाला चार माणसांत फैलावर घेतलं.

उरलेली रोपं मात्र जोमानं वाढली. थंडी सरता सरता एका सकाळी फुलं उघडली. पाकळ्या आधी चुरगळलेल्या, मग उन्हात हळूहळू सरळ होणाऱ्या, आणि लाल तरी किती! मामंजी गल्लीभर आमंत्रण देत सुटले. मीही आनंदानं वेडी झाले होते, खोटं कशाला बोलू? कामं टाकून वाफ्यापाशीच बसायचे.

यल्लव्वाही बघायला आली. कौतुकानं वाकून वाकून बघितलं, मग हात जोडले. "मास्तर, शेळी इकली म्या. आता तुमच्या फुलास्नी भ्या न्हाय."

मामंजींचा चेहरा पडला. "अगं, विकलीस कशाला..." म्हणता म्हणता थांबले. मी शेजारीच उभी होते. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोलले.

त्यानंतर ती दुपारची आमच्याकडे चहाला यायची. तिच्या घरात आता दूध नव्हतं. मी तिच्या कपात जरा जास्तच दूध ओतायचे. "लई सढळ हात हाय की गं तुजा, पोरी," ती सगळ्यांदेखत म्हणायची.

तेही कौतुक मी घेतलं.