गच्चीवरची धूळ

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका रोज गच्चीत काचेच्या पट्ट्या ठेवून धूळ गोळा करत. मी कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला, त्यामुळे ते आमच्या धुराचा पुरावा गोळा करतात की काय, असा मला संशय येई. एकदा विचारलंच, “काका, ही धूळ कशाला?”

“ध्रुवावरच्या ढगांसाठी. तिथं ढगातलं पाणी शून्याखाली गेलं तरी पाणीच राहतं. हवेतला एखादा कण मिळाला, की त्या पाण्याचा बर्फ होतो.”

“मग बडोद्याची धूळ?”

“बस, एमज.” म्हणजे ‘असंच’. उत्तर टाळायचं असलं की ते गुजरातीत शिरत.

मग मीठ घातलेल्या बर्फात गार केलेल्या नळीतल्या पाण्यात त्यांनी कुपीतली चिमूटभर धूळ टाकली. पाणी डोळ्यांदेखत गोठलं. कुपीवरच्या चिठ्ठीत माझं नाव होतं.

“तुमच्या स्कूटरच्या सीटवरची आहे,” ते शांतपणे म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी स्कूटर पुसूनच घरी येऊ लागलो.