घासलेट आणि बगळा
हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. घासलेटचा वास आला की मला तो बगळा आठवतो. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं डुमसच्या किनाऱ्यावर गेलो होतो. कुठल्यातरी जहाजाचं तेल सांडलं होतं म्हणे, पण तिथली वाळू मुळातच काळी, त्यामुळे चपला चिकटायला लागेपर्यंत आम्हाला कळलंच नाही. मुलीने बोट दाखवलं, तिथे एक कावळा फडफडत होता. उचलला तर पाय लांब, चोच पिवळी. तो तेलात माखलेला बगळा होता. टॉवेलात गुंडाळून त्याला लिंबायतला घरी आणला. बायको म्हणाली, "अहो, साबणाने धुवा ना." मी म्हटलं, "मला नको शिकवू. कारखान्यात लूमवर कापडाचे तेलाचे डाग रोज घासलेटने कोण काढतं?" आणि चिंधीवर घासलेट घेऊन त्याचे पंख चोळले. खालून पांढरं निघायला लागलं तशी मुलगी टाळ्या पिटत, शाळेतलं गुजराती मिसळून ओरडली, "पप्पा, जुओ, नवा झाला!" रात्री त्याला टोपलीखाली झाकून ठेवला. सकाळी पाहिलं तर तो ताठ पडला होता. दोघी उठायच्या आत मी त्याला खाडीत टाकून आलो आणि दोघींना सांगितलं, उडाला. तो तेलाने मेला की माझ्या घासलेटने, हे मला अजूनही उमगत नाही. मुलगी आज सासरीसुद्धा कौतुकाने सांगते, आमच्या पप्पांनी बगळा वाचवला होता. तिला खरं सांगायचं माझ्याकडून राहिलं आहे.