उघडं फाटक
हिंगोलीचा नुकताच जिल्हा झाला होता. बदली होऊन मी तिथे आलो, तेव्हा ओळखीचं कोणीच नव्हतं. ऑफिसच्या वाटेवर एक लहानसं चर्च होतं. तिथली झाडलोट करणारी म्हातारी रोज अंगणात सडा टाकून फाटक सताड उघडं ठेवायची.

एका रविवारी मी फाटकाशी घुटमळलो. आत प्रार्थनेला जेमतेम सहा माणसं होती.

"मी ख्रिस्ती नाही," मी अंगणातल्या म्हातारीला म्हणालो.

"मी कुठं इचारलं?" पदरानं बाक पुसत ती म्हणाली, "बसा. लगीन होऊन इथं आले, तवा सालभर कोनी माझ्याशी बोललं न्हाई. तवापासून फाटक लावत न्हाई मी."

मी बसलो. तीही बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. महिनाभरात माझ्या शेजारी कोणी बसलं, ते त्या दिवशी पहिल्यांदा.