घर क्रमांक एक

ऑफिसात तिला सगळे 'अटवाली' म्हणायचे. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट गालातल्या गालात हसायची. रुग्णवाहिका पाठवण्याचा प्रोग्राम तिचाच. नव्या पोरांना ती बजावायची, की प्रोग्राममधली प्रत्येक मेथड, नेमलेलं एक काम करणारा तो तुकडा, म्हणजे एक करार. काम सांगणाऱ्याने आधी माहिती नीट द्यायची, मग ते चोख करायला मेथड बांधलेली. माहिती अर्धवट असली तर दारातूनच परत, दयामाया नाही. तिचं लग्न राहूनच गेलं होतं. पोरं चिडवायची, की नवरदेव पहिल्याच अटीत गळाले असणार.

गाडी पाठवणाऱ्या मेथडला तिने अट घातली होती, घर क्रमांक रिकामा नको आणि शून्यही नको. गाडीवाल्याला रस्ता आणि हा क्रमांक एवढंच दिसायचं. पूर्वी अर्धवट पत्त्यांपायी गाड्या गल्लोगल्ली भटकायच्या, ते त्यामुळे थांबलं. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. घरी ती आणि बाबा दोघंच. बाबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचं कौतुक ऐकून त्यांची छाती फुगली.

एका संध्याकाळी बाबा बागेतल्या बाकावर बसले ते तिथेच कलंडले. कुणा भल्या माणसाने ताबडतोब फोन केला. रस्ता सांगितला, बाग सांगितली, कारंज्याजवळचा बाक सांगितला. आता बाकाला कुठला आलाय घर क्रमांक! गाडी बागेत पोचली तेव्हा बाबा गेले होते. थोडं आधी आणलं असतं तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले.

उशीर का झाला, ते फोन घेणाऱ्या मुलीनेच रडत रडत तिला सांगितलं. रकाना रिकामा ठेवला, तर प्रोग्रामने परत पाठवलं. शून्य टाकलं, तरी परत. मग तिने एक टाकला.

"आम्ही सगळ्याच टाकतो, ताई. त्याशिवाय गाडी सुटतच नाही."

साहेबांनी समजूत काढली. अट बरोबरच होती, खोटी माहिती भरणाऱ्याची चूक, जिवाला लावून घेऊ नकोस. हेच तिने स्वतः पोरांना हजारदा ऐकवलं होतं. जळो मेलं ते बरोबर असणं! तिला त्या मुलीवर रागावता येईना, साहेबांवरही येईना. रागावायला कुणी सापडलं असतं तरी रडणं सोपं झालं असतं बिचारीला.

रविवारी ती त्या रस्त्यावर गेली. बाग एका टोकाला, एक नंबरचं घर पार दुसऱ्या टोकाला. तिने बेल वाजवली. एका वयस्कर बाईंनी दार उघडलं. त्या दिवशी इथे रुग्णवाहिका आली होती का, असं तिने चाचरत विचारलं.

"आली होती की," बाई म्हणाल्या. "आणि काय पटकन आली हो! आम्हीच म्हटलं त्यांना, इथे सगळे ठणठणीत आहेत."

ती 'बरं' म्हणाली आणि वळायला गेली. पण तिथेच दारात खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. काय झालं ते न कळून बाई आधी गोंधळल्या, मग पाणी आणायला आत धावल्या.