चुकावी अशी तारीख

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक गोल चकती असते. शेवटच्या पाळीच्या तारखेवर तिचा बाण आणला, की बाळ कधी येणार ते दुसरा बाण दाखवतो. आज त्यांनी ती फिरवली, सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि पुन्हा फिरवली.

"बाळ तारखेच्या मानानं लहान दिसतंय. पाळीची तारीख नक्की आठवते ना? ती चुकली असेल, तर काळजी नाही."

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चुकेल कशी? गौरी जेवायच्या दिवशीच ही बाजूला बसली. ऐन पुरणाच्या घाईत! सगळा स्वयंपाक मी एकटीनं ओढला."

त्या दिवशी मला केवढा राग आला होता! एवढी शिकले, तरी सणाच्या दिवशी कोपऱ्यातच. आता तो कोपराच तारखेला साक्षीदार आहे.

"पंधरा दिवसांनी पुन्हा बघू," म्हणत डॉक्टरीणबाईंनी चकती होती तशीच ठेवली.

आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आपलं उत्तर बरोबर असतं, याचा मला फार अभिमान. पोटावर हात ठेवून मी त्या बाणाकडे बघत राहिले. हे एवढं एक उत्तर माझं चुकलेलं असू दे.