वाटणाची पैज

शनिवारी तीनला पहिली शिफ्ट सुटली आणि साडेतीनला हौसा रोह्याच्या एसटी स्टँडवर उभी होती. एका हातात भाऊबीजेच्या करंज्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात जुन्या साडीच्या काठात गुंडाळलेली तीन फूट लांब सळी.

कंडक्टरनं सळीकडे बघितलं. "मावशी, ही कुणाला मारायला?"

"तिच्या भावाला," मागून ठमाबाई म्हणाली. "भाऊबीजेला कामावर होती ना, आज जाऊन ओवाळणार हाय."

बस हसली. हौसाही हसली, पण सळी तिनं मांडीवर घेतली ती वडखळ येईपर्यंत खाली ठेवली नाही.

हौसा धाटावच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चौदा वर्षं स्वयंपाकाला होती. ठमाबाई तिथं भांडी घासायची. नम्रता पॅकिंगला होती, सव्वीस वर्षांची, सगळ्या गोष्टींचा व्हिडिओ काढणारी. तीनशे माणसांची आमटी ढवळता ढवळता हौसानं या दोघींना माहेरच्या चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांच्या, इतक्या गोष्टी सांगितल्या होत्या, की शेवटी ठमाबाई एक दिवस म्हणाली, "तोंडानं किती पकडशील? एकदा हातानं पकडून दाखव." ते हौसाला लागलं होतं. कारण चिंबोरीच्या बिळात तिनं हात घातल्याला पंचवीस वर्षं झाली होती.

लग्न झालं आणि ती खाडीकाठावरून रोह्याच्या आतल्या बाजूला, भात आणि वालाच्या गावात आली. सासूनं पहिल्याच दिवाळीत चिंबोरीचं नाव ऐकून नाक मुरडलं होतं. वडील, महिपती, मिठागरावर कामाला होते. मुलगा लहान होता म्हणून चिंबोऱ्या पकडायला थोरल्या मुलीलाच बरोबर न्यायचे आणि आकडी तिच्याच हातात द्यायचे. ते गेले तेव्हा हौसानं घरातलं काही मागितलं नाही, फक्त ती आकडी मागितली. टोकाला जराशी वाकवलेली साधी सळी. सासरी इतकी वर्षं त्या आकडीनं चुलीतले निखारे ओढले. गेल्या महिन्यात हौसानं ती रॉकेल आणि वाळूनं घासली, तेव्हा नवरा म्हणाला, "आता निखारे कशानं ओढू?" ती म्हणाली, "बोटानं."

माहेरी एक रीत होती. श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं पाळून झालं, फराळानं तोंड गुळमट झालं, की भाऊबीजेनंतरच्या पहिल्या रविवारी खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत, चिंबोऱ्यांना जायचं. अमावस्या नुकतीच झालेली, चिंबोऱ्या भरलेल्या. पुरुष जायचे. बायका घरी थांबून खोबरं, कांदा भाजायच्या, पाट्यावर वाटण वाटायच्या, भाकऱ्या थापायच्या. पुरुष चिखलानं माखून यायचे, ओट्यावर पाय पसरायचे आणि आत हाक मारायचे, "झालं का गो?" हौसा दर वर्षी माहेरपणाला येऊन ही हाक पाट्याजवळ बसून ऐकायची. वहिनी सगुणाही शेजारीच बसायची. वीस वर्षं.

संध्याकाळी हौसानं काळुरामला ओवाळलं. तो खिशात हात घालत म्हणाला, "बोल बाय, काय पायजे? साडी घेऊ?"

"साडी नको. उद्या मी आन माझ्या मैत्रिणी खाजणात येणार."

"या की. बांधावर बसा, फोटो काढा."

"बांधावर नाय. आकडी घेऊन. आमची टोळी वेगळी, तुमची वेगळी. ज्यांच्या कमी चिंबोऱ्या, त्यांनी वाटण वाटायचं आन भाकऱ्या थापायच्या."

काळुरामचा मित्र जनू ओट्यावर बसून करंजी खात होता, त्याला ठसकाच लागला. काळुरामनं बहिणीकडे, मग नम्रताच्या रंगवलेल्या नखांकडे बघितलं आणि मिशीतल्या मिशीत हसला.

"चालंल. पण नियम बाबांचाच. नांगी तुटलेली चिंबोरी मोजायची नाय. तुटली की तिचं पाणी जातं, ती फुकट. मंग रडायचं नाय."

"नाय रडणार. आन सगुणा आमच्या टोळीत."

"ती कशाला? घरी कोन?"

"घरी कोनी नाय," सगुणा आतून म्हणाली. इतक्या पटकन, की सगळेच दाराकडे बघायला लागले.

हौसाला त्या रात्री झोप येईना. हरली तर काय, वाटण वाटायचं. ते ती दर वर्षी वाटतच होती. पण या वेळी हरून वाटायचं, आणि सोमवारी कँटीनमध्ये ठमाबाईच्या तोंडाला तोंड द्यायचं. सगुणा तर वीस वर्षांत पहिल्यांदा चुलीला पाठ करून निघणार होती.

रविवारी पंचमी. वडील शिकवायचे, तिथीची पाऊणपट करायची. पाचाची पाऊणपट पावणेचार, तेव्हा पहाटेची भरती. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, दहाला. आणि आपल्या खाजणातलं पाणी निघायला वर आणखी अर्धा तास. बरोबर साडेदहाला बांधाखालचा चिखल उघडा पडला, काळा, चकचकीत. काळुराम आणि जनू डावीकडे गेले, बायका उजवीकडे.

ठमाबाई तिसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतली. "हौसा, मला इथंच पुरलंस तरी चालंल, पन चप्पल काढून दे." नम्रता मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गळ्यात अडकवून आली होती. ती एकसारखी ओरडत होती, "मावशी, इथं बीळ! मावशी, इथं पन!"

"तोंडाशी ताजी माती हाय का बघ. नखांच्या रेघा हायत का?"

पहिल्या बिळात हौसानं आकडी घातली. काही लागलं नाही. दुसऱ्यात लागलं, तिनं ओढलं आणि आकडी मोकळीच बाहेर आली. तिसऱ्यात तेच. पलीकडून जनूची आरोळी आली, "पाच झाल्या!" हौसाच्या कपाळावरून घाम डोळ्यात उतरला.

"बाय," सगुणा हळूच म्हणाली, "तिवरांच्या मुळाशी चला. मी लाकडं आनायला येते ना, तिथं मोठाली बिळं हायत. यांना कधी सांगितलं नाय."

"का नाय सांगितलं?"

"कधी विचारलं नाय."

तिवरांच्या मुळाशी बीळ चांगलं बशीएवढं होतं. हौसा चिखलात आडवी झाली, गाल मातीला लागला, खांद्यापर्यंत हात आत गेला. आकडीचं टोक कशावर तरी टणक वाजलं. ओढायला हात शिवशिवला, आणि तेव्हाच तिला आठवलं. वडील कधी ओढायचे नाहीत. गुदगुल्या करायचे. ओढलं की चिंबोरी नांगी टाकून देते आणि आत पळते. तिलाच धरू द्यायचं.

तिनं आकडी हलकेच खाजवली. थांबली. पुन्हा खाजवली. आणि एकदम सळीला हिसका बसला, असा की मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"धरलंन! गप राहा सगळ्या, धरलंन तिनं!"

ती इंच इंच मागं सरकली. हात आला, आकडी आली आणि आकडीला दोन्ही नांग्यांनी घट्ट मिठी मारलेली हिरवीकाळी चिंबोरी आली, ताटलीएवढी. नम्रता किंचाळली. ठमाबाईनं पाय रुतलेले असतानाच टाळ्या वाजवल्या. हौसानं पायानं पाठ दाबली, मागून दोन्ही नांग्या धरल्या, सुतळीनं बांधल्या. गाठ पहिल्या झटक्यात बसली.

मग थांबणं नव्हतंच. सगुणा बिळं दाखवायची, हौसा काढायची, नम्रता बांधायला शिकली, एक नख तुटलं ते तिच्या लक्षातही आलं नाही. ठमाबाईनं पोतं धरलं आणि मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, मुद्दाम, पलीकडे ऐकू जाईल अशी. "अकरा! बारा! काळूभाऊ, बारा!"

पलीकडच्या आरोळ्या बंद झाल्या. तिकडे आता नुसती घाई दिसत होती. जनू एका बिळातून दुसऱ्याकडे धावत होता, काळुराम सळी हिसडत होता. हौसानं ते पाहिलं आणि ती पुढच्या बिळाकडे वळली.

पाणी परत चढायला लागलं तेव्हा सगळे घरी आले. अंगणात पोती उलटी झाली. बायकांच्या एकवीस. पुरुषांच्या सत्तावीस.

"सत्तावीस!" जनू नाचायला लागला. "वाटा गो वाटा, वाटण वाटा!"

सगुणाचा चेहरा उतरला. ती सवयीनं पदर खोचून आत वळली. हौसानं तिचा हात धरला.

"काळू, नांग्या बघू."

काळुराम खाली वाकला. एक चिंबोरी बाजूला केली. दुसरी. चौथीपाशी त्याचे कान लाल व्हायला लागले. ठमाबाई त्याच्या खांद्यावरून वाकून, कँटीनमधल्या ताटल्या मोजाव्या तशी मोजत होती. नऊ चिंबोऱ्यांना एकेकच नांगी होती.

"राहिल्या अठरा," ती म्हणाली. "आमच्या एकवीस, सगळ्या दोन्ही नांग्यांच्या."

"असं नसतं!" जनू म्हणाला. "एक नांगी तर हाय ना!"

"नियम बाबांचा हाय," हौसा म्हणाली. "कालच कोन बोलला?"

काळुरामनं बहिणीच्या हातातल्या आकडीकडे बघितलं. "मला बाबा नेहमी सांगायचे, ओढू नको. मी ओढायचोच." तो उठला, हात धुतले आणि सदरा काढून खुंटीला लावला. "जन्या, चल. कांदे सोल."

अर्ध्या तासानं चार बायका ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या, पायांवरचा चिखल वाळून तडकत होता. आतून पाट्यावर वरवंट्याचा अडखळता आवाज येत होता. जनूला कांदा लागला होता, तो नाक ओढत होता.

"अगो, खोबरं किती?" काळुरामची हाक आली.

सगुणा उठायला गेली. ठमाबाईनं तिचा पदर ओढून खाली बसवलं.

"अंदाजानं घे," सगुणा बसल्या जागेवरून ओरडली, आणि स्वतःच्याच आवाजाला घाबरून पदरात तोंड लपवून हसायला लागली.

भाकरी भाजल्याचा, मग करपल्याचा वास आला. हौसाचे पाय आपोआप खाली उतरले. तिनं ते परत वर घेतले. आकडी मांडीवर आडवी ठेवली, भिंतीला टेकली आणि आतल्या दिशेनं खणखणीत हाक मारली,

"झालं का रे?"